नॅस्कारचा श्रेष्ठ चालक कोण?
अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींच्या दफ्तरी रिचर्ड पेटी यांच्या नावे २०० विजय नोंदलेले असून त्यांतील २७ एकट्या १९६७ सालातले आहेत. तथापि त्या हंगामात ४९ शर्यती झाल्या, आणि २००६ ते २०१० अशी सलग पाच अजिंक्यपदे मिळविणाऱ्या जिमी जॉन्सन यांच्या वाट्यास वर्षाकाठी ३६च आल्या, हे ध्यानी न घेता केलेली तुलना मला अन्यायाची वाटते.

माझा कौल निःसंशय डेव्हिड पिअर्सन यांना: अवघ्या ५७४ शर्यतींत १०५ विजय! १९७६च्या ‘डेटोना ५००’मध्ये अखेरच्या फेरीत पेटींशी टक्कर होऊन दोन्ही गाड्या भिंतीवर आदळल्या असता, क्लच दाबून इंजिन चालू ठेवण्याचे प्रसंगावधान त्यांनी राखले, आणि अंतिम रेषेपासून हाकेच्या अंतरावर पेटींची गाडी बंद पडलेली असताना आपली मोडकी गाडी रखडत रखडत रेषेपार नेली.