खारा वारा आणि टेबलावरचा जुना लॅपटॉप

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला सगळ्यात कमी देखणा लॅपटॉप बहुतेक वेळा दुरुस्त करणाऱ्याचा स्वतःचा असतो. गिऱ्हाइकांचे पातळ, चकचकीत लॅपटॉप पोट उघडून पडलेले असतात. त्यांच्या शेजारी एक जाडजूड, काळा, कीबोर्डवरची अक्षरं पुसत आलेला लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. बहुधा कुठल्या तरी कंपनीनं चार-पाच वर्षं वापरून काढून टाकलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड. असे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगानं मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, याला नवा परवडत नसेल. पण हा जुना लॅपटॉप जे करतो ते नीट समजून घेतलं, तर थक्क व्हायला होतं. मेलेल्या यंत्राच्या आत कोरून ठेवलेलं तो वाचतो, आणि डोळ्याला कधीच न दिसणारं माणसाच्या पुढ्यात आणून ठेवतो.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर त्याला एवढं काम का पडतं, हे कळण्यासाठी आधी तिथल्या हवेत काय आहे ते पाहायला हवं.

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडले जातात. प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटतो आणि फुटताना बारीक बारीक थेंब उडवतो. थेंबातलं पाणी सुकतं, मिठाचा कण उरतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन गावात शिरतो. लॅपटॉपचा पंखा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी हीच हवा आत ओढतो, आणि कण मदरबोर्डवर जाऊन बसतो. कोरडा आहे तोवर तो फारसं काही करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते तर त्याहून कमी दमट हवेतही ओले होतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते ती याच नियमानं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे हे चार महिने मदरबोर्डवरचा मिठाचा प्रत्येक कण खाऱ्या पाण्याचा थेंब व्हायला टपलेला असतो.

मदरबोर्डवरच्या चिपच्या दोन पायांमधलं अंतर कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतं. एवढ्याशा फटीत थेंब पसरायला कितीसा वेळ लागणार? आणि इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चार्जर लावून ठेवलेला लॅपटॉप ‘बंद’ असला तरी आतून पूर्ण झोपलेला नसतो. पॉवरचं बटण कधी दाबलं जाईल याची वाट पाहणारं एक सर्किट ३.३ आणि ५ व्होल्टवर जागंच असतं. खारं पाणी आणि व्होल्टेज एकत्र आले की एका पायाचं तांबं विरघळू लागतं, धातूचे कण दुसऱ्या पायाकडे सरकतात, आणि कधीकधी दोन पायांमध्ये धातूच्या केसाएवढ्या बारीक फांद्या फुटतात. उरतो तो हिरवट-निळा थर. दुकानात त्याला ‘कार्बन आलाय’ म्हणतात. मग गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘‘काल रातीक चालू होतो, आज बटण दाबलंय तर कायच नाय.’’ यंत्र एका रात्रीत गेलेलं नसतं. कित्येक आठवडे ते कणाकणानं झिजत असतं.

सगळे धातू मिठापुढे सारखेच हरत नाहीत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, तेव्हा पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं, असं सांगतात. शिसं खाऱ्या पाण्यात स्वतःभोवती सहसा न विरघळणारा थर धरतं आणि आतला धातू वाचतो. तांब्यावरही थर चढतो, पण मिठातला क्लोराइड त्याला भोकं पाडत आत उतरत राहतो. लॅपटॉपच्या सगळ्या नसा मात्र तांब्याच्याच.

आता तो काळा लॅपटॉप कामाला लागतो.

त्याच्या पडद्यावर मदरबोर्डचा नकाशा उघडलेला असतो. या बोर्डवर हजाराच्या वर भाग असतात. त्यातले कित्येक एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. नकाशात एका भागावर क्लिक केलं की त्याला जोडलेले सगळे बिंदू उजळतात, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला असले तरी आणि मागच्या बाजूला असले तरी. तांब्याची रेघ बोर्डच्या आतल्या थरांतून जाते, ती कुठल्याही डोळ्याला दिसत नाही. ती इथे दिसते. शेजारी यूएसबीला लावलेला मायक्रोस्कोप खरा बोर्ड दाखवतो, हातातला मल्टीमीटर व्होल्टेज सांगतो, आणि तिन्हींची सांगड घालत माणूस खाल्ल्या गेलेल्या त्या एका रेघेपर्यंत पोचतो. मग केसासारखी तार टाकून ती रेघ पुन्हा जोडतो. हे नकाशे बहुतेक कंपन्या बाहेरच्या कारागिरांना देत नाहीत. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण मालवणच्या दुकानदाराला अधिकृत नकाशा सरळ हातात मिळेल, तेव्हाच तो हक्क किनाऱ्यापर्यंत पोचला असं मी म्हणेन.

सगळ्यात विलक्षण काम याच्या पुढचं आहे.

प्रत्येक मदरबोर्डवर आठ पायांची, नखाहून लहान अशी एक चिप असते. तिच्यात बायोस असतो: यंत्र जागं होताना सगळ्यात आधी वाचायच्या सूचना. या सूचना बिघडल्या की बाकी सगळं ठणठणीत असूनही पडदा काळाच राहतो. कारागीर त्या चिपला चिमटा लावतो, चिमट्याची तार प्रोग्रॅमर नावाच्या एका छोट्या उपकरणाला आणि प्रोग्रॅमर आपल्या लॅपटॉपच्या यूएसबीला. रुग्ण लॅपटॉपला बॅटरी नाही, चार्जर नाही, कित्येकदा प्रोसेसरही जिवंत नाही. तरी काही मिनिटांत त्या चिपमधलं अक्षर न् अक्षर शेजारच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उतरतं.

तिथे ते टिकतं तरी कसं? ८ मेगाबाइटच्या चिपमध्ये ६ कोटी ७१ लाखांहून अधिक खण असतात. प्रत्येक खणात एक धातूसदृश पापुद्रा, चारही बाजूंनी विजेला न जुमानणाऱ्या थरात कोंडलेला. हा थर सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतल्या गारगोटीत असतो त्याच पदार्थाचा. त्याची जाडी साधारण मिलिमीटरच्या एक लाखांश. पापुद्र्यात इलेक्ट्रॉन अडकवले की शून्य, नसले की एक. नेहमीच्या नियमांनी त्या भिंतीतून इलेक्ट्रॉनला वाटच नाही. पण पुंजभौतिकीच्या जगात पुरेसं व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन भिंतीच्या या बाजूला असतो तो त्या बाजूला सापडतो, आणि चिप अशीच पुसली जाते. व्होल्टेज काढलं की तुरुंग पुन्हा बंद. १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये दावॉन कांग आणि सायमन झी यांनी ही कल्पना मांडली, आणि आज चिप बनवणारे लिहिलेला मजकूर वीस वर्षं टिकण्याची हमी देतात. विजेशिवाय, दमट हवेत, कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर वीस वर्षं! भिजलेल्या, गंजलेल्या बोर्डवरही ही अक्षरं शाबूत सापडतात, ती याच भिंतीमुळे.

चांगला कारागीर चिप दोनदा वाचतो आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहतो, कारण चिमटा किंचित हलला तरी एखादं अक्षर चुकतं. मग मूळ फाइल जपून ठेवतो. तिच्यात त्या यंत्राचा सिरियल नंबर असतो, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून कंपनीनं विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपची परवान्याची किल्लीही. दुसऱ्याच यंत्राची फाइल घाईनं ओतली, तर लॅपटॉप कदाचित चालू होईल, पण स्वतःची ओळख विसरून. म्हणून दुरुस्त फाइलमध्ये जुनी ओळख पुन्हा भरावी लागते. हे बारकाईचं काम आहे आणि ते करणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चिप लिहिताना मध्येच वीज गेली तर ती अर्धवट लिहिली जाते. यासाठी डेस्कटॉप नको, लॅपटॉप हवा. त्याच्या पोटात बॅटरी असते आणि प्रोग्रॅमरही त्याच्याच विजेवर चालतो. किनाऱ्यावर पावसात वीज जाणं रोजचंच. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाला घासून गेलं, तेव्हा तर कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती.

गिऱ्हाइकाला मात्र यंत्रापेक्षा आतल्या डेटाची काळजी. घरी लग्नाचे फोटो, होमस्टेवाल्याकडे बुकिंगचे हिशेब, तारकर्लीच्या स्कूबावाल्यांकडे पर्यटकांचे पाण्याखालचे व्हिडिओ. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर खराब जागा पुन्हा पुन्हा वाचत बसलं तर चांगलीही हातची जाते. त्यासाठी अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येईल तेवढं सगळं उचलतो आणि अडलेल्या जागा सोडून पुढे जातो. मग त्या जागांकडे उलट दिशेनं येतो, आणि शेवटी एकेक कण खरवडतो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका साध्या फाइलमध्ये करत जातो, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी राहिलं तिथून पुन्हा सुरू होतं. हे काम कधी तासभर चालतं, कधी दिवसेंदिवस.

जाडजूडपणाचं कारणही यातच आहे. राउटर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी नेटवर्क केबलचं भोक लागतं, मायक्रोस्कोप, प्रोग्रॅमर आणि डिस्क एकदम लावायला यूएसबीची तीन-चार भोकं लागतात. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये ही कमी होत गेली.

आणि हा लॅपटॉप त्याच खाऱ्या वाऱ्यात टिकतो कसा? एक मोठं कारण म्हणजे तो दिवसभर चालू असतो. ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत ४० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. मग मिठाला भिजायला पाणी कमी मिळतं. कपाटात चार महिने बंद ठेवलेल्या लॅपटॉपला हे संरक्षण नाही.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगणं एवढंच. पावसाळ्याआधी डेटाची दुसरी प्रत काढून ठेवा. पावसाळ्यात लॅपटॉप रोज थोडा वेळ वापरा आणि काम झालं की चार्जर काढा. पाणी सांडलं तर लगेच चार्जर काढा, बटण दाबून धरून तो बंद करा आणि ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हा चालू करू नका. तांदळात पुरूनही ठेवू नका. तांदूळ मीठ काढत नाही. त्याच दिवशी दुकानात न्या, आणि पाणी खारं होतं की गोडं, ते खरं सांगा. बोर्ड आधी धुवायचा की नुसता सुकवायचा, हे त्यावरच ठरतं.