दगडफूल ना दगड, ना फूल

गोड्या मसाल्यासाठी परतण्याआधी दगडफुलाचा एक तुकडा उलटसुलट करून पाहावा. एक बाजू राखाडी, दुसरी काळी, सगळं अंग चुरमडलेल्या कागदासारखं. वाण्याकडे ते दालचिनी-तमालपत्राच्या शेजारी मिळतं, नावातही फूल आहे, म्हणून ही कुठलीतरी वाळवलेली वनस्पती असा समज होतो. पण हे एका जिवाचं शरीरच नाही. बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यात हिरव्या शैवालाच्या पेशी राहतात. शैवाल उन्हात अन्न शिजवतं, बुरशी निवारा आणि ओल पुरवते. स्वित्झर्लंडच्या सिमॉन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं, तेव्हा दगडफुलांच्या अभ्यासकांनीच त्यांची टर उडवली. आज मात्र शास्त्रीय नाव त्यातल्या बुरशीच्या नावावर चालतं.

बुरशी म्हणजे तरी वनस्पतीच ना? नाही.

लिनियसने १७३५ मध्ये निसर्गाच्या तीन सृष्ट्या केल्या: प्राणी, वनस्पती आणि खनिजं. जागचं हलत नाही ते वनस्पतींत, या हिशेबाने अळंबीही तिकडे गेली. पण अळंबीत हरितद्रव्य नसतं. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच; आणि ती साठा करते तो स्टार्चचा नव्हे, आपल्या यकृतासारखा ग्लायकोजेनचा. जनुकं तपासली तर ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची ठरते. (श्रावण पाळणाऱ्यांनी घाबरू नये, तेवढ्याने ती मांसाहारात जात नाही.) रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये पंचसृष्टी मांडताना बुरशीला वेगळं घर दिलं.

शाळेत पाठ केलेल्या या पाच सृष्ट्याच शेवटच्या, हाही गैरसमज. व्हिटाकरांनी सगळे जिवाणू ‘मोनेरा’त टाकले होते. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणूंपासून फारच दूरचे निघाले. त्यांना आर्किया म्हणतात. गोबरगॅसची शेगडी पेटते ती त्यांच्या जिवावर. २०१५ मधल्या एका मांडणीत सृष्ट्यांची संख्या सातवर गेली.

नुसत्या नावांचा हा वाद असता, तर प्राध्यापकांवर सोडून देता आला असता. पण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत त्याला पैसे मोजावे लागतात. भुरी आणि डावणी हे दोन्ही बुरशीचेच रोग समजले जातात. भुरी खरोखर बुरशी आहे, पानावर राख भुरभुरल्यासारखी दिसते. डावणी आधी पानावर तेलकट पिवळे डाग पाडते आणि मग खालच्या बाजूला पांढरी लव धरते. तिचा जीव दिसायला बुरशीसारखा, पण पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज वर्गातल्या द्रव्यांची. नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी. म्हणून गंधक भुरीला आवरतं, डावणीला नाही. मेटालॅक्झिलचं नेमकं उलट. दुकानात मात्र दोन्ही औषधं ‘बुरशीनाशक’ म्हणून एकाच फळीवर असतात.