जवसाची तार

कोरड्या, नाजूक त्वचेसाठी घरी लेप करायचा असेल तर आधी बेसनाचा डबा जागेवर ठेवून द्यावा. मुलतानी मातीही नको आणि लिंबू तर नकोच. तेलकट चेहऱ्याचे हे उपाय सर्रास सगळ्यांनाच सांगितले जातात. मग ज्यांचे गाल आधीच थंडीने उललेले असतात, त्या पोरीबाळीही आग आग होईपर्यंत ते लावून बसतात. मला याचा मनापासून राग येतो. माती कशी वागते हे वर्धा जिल्ह्यात कोणाला शिकवायला नको. इथली काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चिकणमातीचा लेप गालावर वाळतो तेव्हा तेच होतं. त्याचा ताण खालच्या कातडीवर येतो आणि उरलंसुरलं तेलही त्या मातीतच जातं.

आपल्याकडे चटणीसाठी घरात जवस असतोच. त्याचा लेप करताना मी हिंगणघाटकडच्या एका काकूंना पाहिलं आणि त्यांच्याच शेगडीशी उभी राहून शिकले. कपभर पाणी, मोठा चमचाभर जवस, मंद आच. सुरुवातीला काहीच घडत नाही, तपकिरी दाणे तळाशी नुसते लोळत राहतात. मग कडेला पांढरा फेस धरतो, पाणी जड होतं, बुडबुडे सावकाश फुटू लागतात. जवसाच्या सालीत जो चिकटा असतो तो आता पाण्यात उतरलेला असतो. काकू घड्याळाकडे बघत नाहीत, चमचा उचलून थेंब पाहतात. थेंब टपकन तुटून पडतोय तोवर थांबायचं. थेंबामागे लांब तार लोंबायला लागली की गॅस बंद.

"तार धरली का लगेच गाळजो वो बाई, थंडं झालं त मंग गाळल्या जात नाही," त्या म्हणाल्या. खरंच आहे ते. गार झाल्यावर तो चिकटा दाण्यांना असा धरून बसतो की कापडातून थेंबही उतरत नाही. पातळ पंच्यातून गरम असतानाच गाळायचं, वरून चमच्याने दाबायचं. खाली जे जमतं ते पारदर्शक आणि बुळबुळीत असतं.

पण नुसत्या या गाळलेल्या चिकात पाणी आहे, स्निग्धता नाही. म्हणून दोन चमचे चिकाला अर्धा चमचा ताजी साय, बोटानेच एकजीव केलेली. आंबूस वास येणारी साय घेऊ नये. चीक फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, साय घातलेला लेप मात्र त्याच दिवशी संपवावा.

हळदीचा मोह सगळ्यांना होतो, त्यातून आपल्या जिल्ह्याला तर समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीचा अभिमान. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमीन भरपूर असतं, त्यामुळे रंगही पक्का चढतो. नाजूक कातडीला मी ती घालत नाही. काहींना हळदीनेच खाज सुटते, आणि बाजारच्या सुट्या पुडीत मेटानिल यलो किंवा शिसं असलेला रंग मिसळलेला असण्याची भीती असतेच. घालायचीच तर घरी दळलेली, अगदी चिमूटभर. हळदीचा हात साबणाने धुतला की डाग लालसर होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेव्हाही हाच फेर होतो. आपली त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी असते, म्हणून लेपानंतर चेहऱ्याला साबण लावू नये.

नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. तिथे लाली किंवा खाज आली तर तो चेहऱ्याकडे नेऊच नये. गालावर खपल्या असतील, चिरांतून पाणी येत असेल, तर स्वयंपाकघरातलं काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारखी जागा जवळ असताना तो त्रास अंगावर काढण्यात काही अर्थ नाही.

लेप पातळ थरात लावायचा आणि दहा मिनिटांत, ओला असतानाच, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपून घ्यायचा. वाळू दिला तर हा चीकही ताणतो. "ओढल्यासारखं वाटलं म्हणजे उशीर झाला," असं काकूंचं सांगणं. चेहरा दमट आहे तोच हातावर दोन थेंब तिळाचं तेल चोळून गालांवर दाबायचं, म्हणजे आतलं पाणी टिकतं. तेल घाणीचं, ताजं असावं. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत बैलघाणी सुधारण्याचं काम केलं, तिथे झवेरभाई पटेलांनी सुधारलेल्या घाणीला पुढे वर्धा घाणी म्हणूनच ओळखू लागले. अशा गावात तेलासाठी लांब जायला लागू नये, असं मला फार वाटतं. जवसाचं तेल मात्र यासाठी घेऊ नका, ते हवेशी लवकर खवट होतं.