फिट थांबते, औषधही थांबते

मेंदूतील पेशींमध्ये विद्युत्-संदेशांचा अचानक उद्रेक होऊन वारंवार फिट येण्याच्या विकाराला अपस्मार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि नियमित उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. औषधांतही नवलाईचे काही नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून, तर फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. तरीही अनेक मुलांच्या गोळ्या चुकतात, तपासणीच्या तारखा हुकतात आणि दोष सहसा आईबापांच्या निष्काळजीपणाला दिला जातो. हे निदान सोयीचे असले तरी बहुतेक वेळा चुकीचे असते.

ही औषधे अपस्मार मुळापासून बरा करीत नाहीत, तर रक्तातील त्यांची पातळी टिकून राहील तोवर फिट रोखून धरतात. ताप उतरला की औषध थांबवायचे, हा घरोघरचा अनुभव मात्र नेमका उलटा असल्यामुळे चार-सहा महिने फिट आली नाही की मूल बरे झाले असे वाटू लागते, म्हणजे औषध लागू पडणे हेच ते बंद होण्याचे कारण ठरते. सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षे फिट न आल्यावरच डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. ती एकाएकी तोडल्यास आपणहून न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील सिनसिनाटी येथे, झाकण उघडल्याची वेळ नोंदवणाऱ्या बाटल्या देऊन, नव्याने निदान झालेल्या मुलांच्या पहिल्या सहा महिन्यांचा अभ्यास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ५८ टक्के मुलांचे औषध सातत्याने चुकत होते आणि ते कोणाचे चुकेल याचा अंदाज देणारा एकमेव घटक कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती हा होता. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबाकडे पाहिले की याचा अर्थ कळतो. टोळी मुकादमाबरोबर कारखान्याच्या फडावर गेली की नेहमीचा दवाखाना चार-पाच महिने दुरावतो, आणि तपासणीसाठी एक दिवस मोडायचा म्हणजे खाडा पडतो. दरम्यान मुलाचे वजन वाढते. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरत असल्याने एकही गोळी न चुकवता औषध कमी पडू शकते. सिरपसोबतचे माप हरवून घरातला चमचा वापरात आला, तर पाच मिलिलिटरचा हिशेबही राहत नाही.

बाकीचे काम लपवाछपवी करते. शाळेत कळू नये म्हणून दुपारचा डोस दप्तरात जात नाही. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची धास्ती आतापासूनच असते, वास्तविक फिट येणे हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकले आहे. देवऋषी आणि अंगारा यांत काही महिने जातात, पण तिथे निदान रांग नसते आणि कोणी रागावतही नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व सरकारी शाळांत तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत फिटचे विकारही आहेत. परंतु मूल सापडणे वेगळे आणि ते उपचारात टिकणे वेगळे. टोळी कधी निघणार हे केसपेपरवर लिहून घेऊन, प्रकृती स्थिर असल्यास परतीपर्यंतच्या गोळ्या एकदम देणे आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी सोबत देणे, एवढ्यासाठी नव्या औषधाचा शोध लागण्याची गरज नाही.