कंबर धरली की पुडीतली गोळी? उन्हात ती मूत्रपिंडाला महागात पडू शकते

परभणी : कापूस वेचून, ऊस तोडून कंबर धरली की मेडिकलवरून अंगदुखीची गोळी येते. अनेकदा कागदाच्या पुडीत, दोन-तीन रंगांच्या सुट्या गोळ्या. त्यात काय असतं, हे खाणाऱ्याला माहीत नसतं.

बहुतेकदा त्यात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक असतं. दुखापत झाली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यातून सूज आणि दुखणं येतं. गोळी हे उत्पादनच थांबवते, म्हणून आराम पडतो.

अडचण अशी, की हीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून उपाशीपोटी गोळी घेतली की पोटात आग पडते.

उन्हाचा संबंध काय?

परभणीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड रक्तप्रवाह टिकवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनवरच अवलंबून असतं. नेमका तोच आधार गोळी काढून घेते. त्यात बीपीची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

याच डायक्लोफिनॅकने भारतातली गिधाडं संपवत आणली. औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं.

पॅरासिटामॉल ताप-दुखण्यावर तुलनेने सुरक्षित; पण प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. जास्त झालं तर यकृताला इजा होते. दारू पिणाऱ्यांची मर्यादा त्याहून कमी.

पुडीत स्टेरॉईड असेल तर?

सांधेदुखी झटक्यात थांबते, भूक लागते, औषध 'लागू पडलं' असं वाटतं. पण साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं. म्हणून ते अचानक बंद करणंही धोक्याचं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

अँटिबायोटिकचा अंगदुखीशी संबंध नाही. ते जिवाणूंना मारतं, सर्दीच्या विषाणूला नाही.

सुट्या गोळीवर नाव नसतं, मुदत नसते. पट्टी मागितली तर दोन्ही दिसतात. चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. पायांवर सूज आली, लघवी कमी झाली तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावं. क्रिएटिनिन ही साधी रक्ततपासणी मूत्रपिंडाचं काम सांगते. जाताना उरलेली पुडी सोबत न्यावी.