शाळेची फिरती सौर पेटी : लिथियम बॅटरीची जोडणी व जपणूक

गेल्या हिवाळ्यात आमच्या बीटमधील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षकाने मला विचारले, "साहेब, शाळेत टॅब आले आहेत, परंतु वस्तीवर वीज केव्हा येईल व केव्हा जाईल याचा नेम नाही. सूर्यप्रकाशावर चालणारी एखादी लहानशी व्यवस्था आम्हीच तयार करू शकू काय?" करू शकाल, असे मी उत्तर दिले, परंतु वेळ अपुरा असल्यामुळे ती कशी करावयाची, हे सांगावयाचे राहून गेले. पुढे आणखी काही शाळांतून हाच प्रश्न आला. म्हणून तो विषय येथे जरा विस्ताराने मांडीत आहे. ज्या बंधुभगिनींनी विज्ञानाचे विशेष शिक्षण घेतलेले नाही, त्यांनाही तो समजावा अशी इच्छा आहे.

एका माणसाला उचलून एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर नेता येईल अशी पेटी आपणांस हवी आहे. तिच्यात दोन दिवे लागावेत आणि तीन टॅब चार्ज व्हावेत, एवढीच अपेक्षा. त्यासाठी एक सौर पॅनेल, एक चार्ज कंट्रोलर, एक बॅटरी, फ्यूज, तारा व जोडण्याची उपकरणे लागतात. पॅनेल काय किंवा तारा काय, त्यांच्यात चूक झाली तर बहुधा दिवा लागत नाही, इतकेच. बॅटरीच्या बाबतीत मात्र तसे नाही. तिच्यात साठलेली ऊर्जा चुकीच्या मार्गाने बाहेर पडली तर भाजते, आणि आपली पेटी तर मुले बसतात त्याच खोलीत राहावयाची आहे. तेव्हा पेटीची सर्व रचना बॅटरीच्या मर्यादा ध्यानात घेऊनच केली पाहिजे.

बाजारात 'लिथियम बॅटरी' ह्या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीच्या बॅटऱ्या मिळतात. त्यांपैकी दोन आपणांस ओळखता आल्या पाहिजेत. मोबाईल व लॅपटॉप यांत बहुधा जी असते, तिच्यातील प्रत्येक सेल सुमारे ३.७ व्होल्टचा असून पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. दुसरी जात लिथियम लोह फॉस्फेटची. तिचा सेल ३.२ व्होल्टचा असून तो ३.६५ व्होल्टच्या वर नेऊ नये. असे चार सेल एकसर जोडले म्हणजे १२.८ व्होल्ट होतात, आणि १२ व्होल्टचे दिवे व इतर साहित्य त्यावर सुखाने चालते. ह्या द्रव्याविषयीचा मूळ शोधनिबंध टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. लिथियम बॅटरीच्या कार्याबद्दल २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना विभागून देण्यात आले, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

शाळेसाठी ही दुसरी जातच घ्यावी. फॉस्फेटमधील ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे सेल तापला तरी तो ऑक्सिजन सहज सुटत नाही, आणि आग भडकण्याचा संभव पुष्कळच कमी होतो. वजन तेवढ्याच शक्तीच्या पहिल्या जातीपेक्षा थोडे अधिक भरते, परंतु शिशाच्या बॅटरीच्या मानाने ते फारच कमी. शिवाय ही बॅटरी नीट वापरल्यास सर्वसाधारणपणे दोन हजार वेळा भरता-रिकामी करता येते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे. जुन्या लॅपटॉपमधील सेल काढून त्यांची जुडी बांधणे हा प्रकार आता गावोगावी दिसू लागला आहे. चित्रफिती पाहून काही उत्साही शिक्षकांनीही तो केला आहे. त्यांच्या हौसेचे मला कौतुक वाटते. परंतु ज्या सेलचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, असा एकही सेल शाळेच्या खोलीत असू नये. तो मार खाल्लेला आहे की कधी अगदी तळापर्यंत रिकामा झालेला आहे, हे बाहेरून कळत नाही. तयार बॅटरी घ्यावी. तिच्यावर जात, व्होल्ट व ॲम्पिअर-तास छापलेले असावेत आणि आत बीएमएस असावे.

बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आत बसविलेली लहानशी संरक्षक पट्टी. तिचे कार्य उदाहरणाने सांगतो. चार सेल मिळून मल्टिमीटरवर १४.४ व्होल्ट दिसत आहेत. प्रत्येकी ३.६ असतील तर सर्व काही ठीक आहे. परंतु एक ३.९, एक ३.४ आणि उरलेले दोन ३.५५ असतील, तरीही बेरीज १४.४ च येते! बाहेरून पाहणाऱ्यास शंकाही येत नाही, आणि आत एक सेल मर्यादेबाहेर गेलेला असतो. बीएमएस प्रत्येक सेलकडे पृथक् पाहते, आणि एकाने जरी मर्यादा ओलांडली तरी संपूर्ण बॅटरी मंडलातून तोडून टाकते.

हे संरक्षण आहे म्हणून आपण बेफिकीर राहावे असे मात्र नव्हे. माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी अशी पहिली पेटी तयार केली, तेव्हा घरात पडून असलेला, शिशाच्या बॅटरीसाठी बनविलेला कंट्रोलर तिला जोडला. "१२ व्होल्ट ते १२ व्होल्ट," असा माझा समज. पहिले काही दिवस उत्तम गेले. एके दिवशी भर दुपारी एका वस्तीशाळेच्या अंधाऱ्या खोलीत मुलांना ती दाखवीत असता दिवा एकाएकी डोळे दिपतील असा पेटला आणि विझला, तो कायमचाच. त्या कंट्रोलरने लिथियमला न मानवणाऱ्या व्होल्टपर्यंत भरणी चालू ठेवली होती. बीएमएसने आपले कर्तव्य केले व बॅटरी तोडली. परंतु पॅनेलचे व्होल्ट दाबून धरणारी बॅटरीच नाहीशी झाल्यामुळे त्याचे वीसएक व्होल्ट सरळ दिव्यावर आले. सुदैवाने त्या वेळी टॅब लावलेले नव्हते. शाळेचे तीन टॅब माझ्या अज्ञानापायी गेले असते, तर मी मुख्याध्यापकांना काय उत्तर दिले असते, हा विचार आजही मनात येतो.

तात्पर्य, ज्यावर लिथियम लोह फॉस्फेटची निवड स्पष्टपणे करता येते, असाच कंट्रोलर घ्यावा, व ती निवड करून त्याची भरणीची मर्यादा १४.४ व्होल्टच्या आसपास आहे ना, हे पाहावे. जोडणीचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम बॅटरी कंट्रोलरला जोडावी, मग पॅनेल, आणि शेवटी दिवे. सोडविताना ह्याच्या उलट. पुष्कळसे कंट्रोलर बॅटरीचे व्होल्ट पाहूनच आपली मांडणी १२ व्होल्टची की २४ ची, हे ठरवितात. पॅनेल आधी जोडल्यास त्यांचा अंदाज चुकतो. हा क्रम पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने रंगाने लिहून ठेवावा.

आता हिशेब. हा सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. पाच वॉटचे दोन दिवे तीन तास म्हणजे ३० वॉट-तास. एका टॅबला, मधली तूट धरून, सुमारे २५, तिघांचे ७५. एकूण १०५. बॅटरी १२.८ व्होल्ट, १२ ॲम्पिअर-तासांची घेतली तर गुणाकार १५३.६ वॉट-तास येतो. त्यातील चार पंचमांशच वापरावयाचे असे ठरविल्यास १२३ हाती राहतात. गरज भागली.

पॅनेल ४० वॉटचे घ्यावे. ते ४० वॉट देईल अशी समजूत मात्र करून घेऊ नये. १२ व्होल्टचे म्हणून मिळणारे पॅनेल आपली पूर्ण शक्ती सुमारे १८ व्होल्टवर देते, आणि तेव्हा धारा सुमारे २.२ ॲम्पिअर असते. साध्या कंट्रोलरमध्ये ते बॅटरीच्या, म्हणजे १३ व्होल्टच्या, पातळीवर ओढले जाते. धारा मात्र तेवढीच राहते. १३ गुणिले २.२ म्हणजे २९ वॉट. उरलेले गेले कोठे, असा प्रश्न एखादा हुशार मुलगा विचारील, व त्याने विचारावाच. एमपीपीटी नावाचा महाग कंट्रोलर ते बव्हंशी वाचवितो. परंतु एवढ्याशा पेटीसाठी तो खर्च मला योग्य वाटत नाही. कोरड्या दिवसांत पूर्ण उन्हाचे पाच तास धरले तर १४५ वॉट-तास होतात, आणि धूळ व उष्णता यांचा पाचवा हिस्सा वजा केला तर ११६ उरतात. आपली गरज १०५ ची आहे. पावसाळ्यात ह्याच्या चौथाईचीही खात्री नाही. त्या दिवसांत केवळ दिवे लावावेत.

पॅनेलचे तोंड दक्षिणेस व उतार सुमारे २० अंशांचा असावा. दक्षिण शोधण्यास होकायंत्र नको. मैदानात काठी उभी करावी. मध्यान्ही सर्वांत आखूड पडलेली सावली वर्षाचा बराच काळ उत्तर दाखविते. त्याच्या विरुद्ध दिशेस पॅनेल ठेवावे. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात काही आठवडे आपल्याकडे सूर्य डोक्याच्या उत्तरेस सरकतो व सावली उलटते, म्हणून हा प्रयोग हिवाळ्यात करावा. पॅनेलमधील सेल एकसर जोडलेले असल्यामुळे आंब्याच्या डहाळीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी सर्व पॅनेलचे उत्पन्न घसरते.

पेटी गावच्या सुताराकडून लाकडाची करून घ्यावी, दोन्ही बाजूंस हवेसाठी भोके ठेवावीत. बॅटरी तळाशी पट्ट्याने आवळून बसवावी. तिच्या धन अग्रापासून वीतभर अंतराच्या आत १० ॲम्पिअरचा, मोटारीत वापरतात तसला फ्यूज घालावा. फ्यूज दूर बसविला तर मधल्या तारेला कोणीच राखणदार उरत नाही. तारा तांब्याच्या, २.५ चौरस मिलिमीटरच्या, लाल व काळ्या अशा निराळ्या असाव्यात. टॅबसाठी मोटारीत लावतात तो १२ व्होल्टवरचा यूएसबी सॉकेट चालतो. २३० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर मात्र ह्या पेटीत घालू नये. मुलांच्या हाताशी असलेल्या वस्तूत मी तो मान्य करणार नाही.

पॅनेल उन्हात आणि पेटी सावलीत, हा नियम पाळावा. बॅटरीचे तापमान ४५ अंशांवर गेले असता ती भरू नये, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखालची खोली तेथवर पोहोचावयास वेळ लागत नाही.

मुलांनी पॅनेल सकाळी ओल्या फडक्याने पुसावे, त्याचे व्होल्ट शिक्षकांसमक्ष मोजावेत व वहीत नोंद करावी. पेटी उघडण्याचे काम शिक्षकाचेच. ही वही शोभेची नाही. लोह फॉस्फेट बॅटरीचे व्होल्ट भरणीच्या मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर असतात. निम्मी आणि पाऊण भरलेली बॅटरी मीटरवर सारखीच दिसते. तेव्हा कोणता दिवा किती तास लागला, टॅब किती भरले, ह्यांची बेरीज हाच शिल्लक सांगणारा विश्वासार्ह मार्ग होय.

दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, दिवे व पॅनेल सोडवावे, मग बॅटरीची तारही सोडवून ती कौलारू किंवा स्लॅबच्या थंड खोलीत ठेवावी. कंट्रोलर जोडलेला राहिला तर तोही थोडे थोडे पीत राहतो. शाळा उघडल्यावर प्रथम डोळ्यांनी तपासावी. कवच फुगलेले, चिरलेले किंवा वास येत असलेला आढळल्यास ती भरू नये, टोचू नये; मुलांना दूर ठेवून ती बाहेर कोरड्या वाळूवर ठेवावी. निकामी झालेली बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकावयाची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; म्हणून खरेदीची पावती साठा नोंदवहीत चिकटवून ठेवावी.