रिकामी दिसणारी पेटी

कात्रजच्या सर्पोद्यानात रविवारी दुपारी काचेसमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, यात काहीच नाहीये!" कडेवर मूल घेतलेले बाबा पुढच्या काचेकडे सरकतात. जाता जाता कुणीतरी बोटाच्या पेराने काचेवर टकटक करतं. आतून काही हलत नाही, मग तोही पुढे जातो.

मी तिथेच थांबते. डोळ्यांना सावलीची सवय व्हायला मिनिटभर लागतं. मग ओंडक्याच्या खाली, पाचोळ्याच्या रंगातच मिसळलेली तपकिरी नक्षी दिसते. ती एका जागी किंचित फुगते, बसते, पुन्हा फुगते. अजगर श्वास घेत असतो. तो इतका वेळ तिथेच होता, आपल्यापासून चार फुटांवर. ती पेटी बनवणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं, म्हणूनच ती रिकामी दिसत होती.

सापाला नीट ठेवायचं कसं, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या घरांतही शिरला आहे. सोसायट्यांमधून बॉल पायथन, कॉर्न स्नेक अशी नावं ऐकू येतात. माझ्या भाच्याच्या घरी असा एक बॉल पायथन आहे आणि त्याची पेटी उभी राहताना मी सुरुवातीपासून सोबत होते. त्यात जे कळलं ते इथे मांडते आहे. सगळ्यांनी साप पाळावा असं मी म्हणणार नाही, बहुतेकांनी पाळू नये असंच माझं मत आहे. पण पाळणाऱ्याने पेटी कशी करावी, हे मराठीत सविस्तर लिहिलेलं असायला हवं.

साप आणि काच यांचं नातं पुण्याला जुनं आहे. जानेवारी १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे या शहरात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या केबिनमध्ये ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. ते सुखरूप बाहेर आले आणि पुण्याच्या घराघरांत साप या विषयावर वेगळं बोलणं सुरू झालं. पुढे १९८६ मध्ये महापालिकेच्या मदतीने त्यांनी कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. १९५३ पासून शहराच्या मध्यात असलेल्या पेशवे पार्कमधले प्राणी १९९९ मध्ये कात्रजला हलवले गेले आणि सर्पोद्यान त्या मोठ्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग झालं. आज नाग, घोणस, धामण, अजगर जवळून आणि कायदेशीरपणे पाहायचे असतील तर पुणेकराने तिथेच जावं. बुधवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवावं.

कायदेशीरपणे हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या मातीतला कुठलाही साप घरी ठेवता येत नाही, मग ती बिनविषारी धामण असो की विहिरीतला पाणदिवड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला पकडणंही येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षांची आहे. घरात साप निघाला तर तो बरणीत भरून ठेवण्याचा मोह टाळावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. परदेशी सापांचं वेगळं आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जाती पाळणाऱ्यांना सरकारकडे नोंद करणं बंधनकारक झालं. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, नोंदणी 'परिवेश' या संकेतस्थळावर होते. बॉल पायथन त्या यादीत आहे. कागद नसलेला साप स्वस्तात मिळत असेल तर तो रानातून ओढून आणलेला असू शकतो, आणि तशा सापाची पेटी कितीही सुंदर केली तरी ती चोरीच्या मालाची कोठडी असते.

भाच्याकडे बॉल पायथन आला एका जुन्या पाळणाऱ्याकडून, सगळ्या कागदांसकट. येणार हे ठरल्यावर भाचा उत्साहाने म्हणाला, "मावशी, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवू. येणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे." मी त्याला एवढंच विचारलं, की हा प्राणी त्याच्या गावी कुठे राहतो? त्याने शोधून काढलं आणि त्या उत्तरावर आमची सगळी पेटी उभी राहिली.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात पडून असतो. वारूळ! नागपंचमीला जिथे हळदकुंकू वाहायला आपल्या आज्या जात, तीच जागा. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो, त्यावरून त्याचं इंग्रजी नाव पडलं. अशा प्राण्याला चारही बाजूंनी काच असलेल्या उजळ पेटीत ठेवणं म्हणजे उघड्या माळावर ठेवण्यासारखं आहे. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो एवढंच. नकोसं झालं तर त्याला डोळेही मिटून घेता येत नाहीत.

म्हणून टीव्हीची जागा गेली. नारायण पेठेतलं घर, श्रावण लागण्याआधीपासूनच नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो. सापाला बाहेरचा कान नाही, पण टेकलेल्या जबड्याच्या हाडातून जमिनीचा कंप थेट आतल्या कानापर्यंत जातो. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला हात लावला की ढोलाचा ठोका तळव्याला जाणवत होता. पेटी आतल्या खोलीतल्या भिंतीला गेली, ऊन येत नाही अशा कोपऱ्यात, आणि तिच्या पायांखाली जाड रबर आलं.

सुताराला माप दिलं चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पूर्ण वाढलेला बॉल पायथन साधारण तीन-चार फुटांचा होतो. सापाला सरळ ताणून पडता आलं पाहिजे, असं आता बहुतेक जाणकार मानतात आणि ते मला पटतं. तीन बाजू अपारदर्शक, फक्त समोर काच. झाकण वरून उघडणारं नको, हे आम्ही आग्रहाने सांगितलं. रानात सापावर झडप पडते ती वरून, घारीची, गरुडाची. वरून आलेला हात त्याच्या लेखी शत्रूच असतो. समोरून सरकणारी काच हवी, दुकानातल्या शोकेसला असते तशी, आणि तिला शोकेसचंच छोटं कुलूप. दोन काचांमधली फट सापाच्या डोक्यापेक्षा बारीक हवी, कारण डोकं गेलं की सगळं अंग जातं. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोकं पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवला. डासांची जाळी लावली असती तर त्याने वाट शोधत नाक घासून रक्ताळून घेतलं असतं. आतून रंग दिला आणि वास पूर्ण जाईपर्यंत तीन आठवडे पेटी तशीच उघडी ठेवली.

आता उबेविषयी. इथे पेटीचं खरं मर्म आहे. साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, तो ती जागेकडून घेतो. अन्न पचवायचं असेल तर उबेकडे जातो, नको असेल तेव्हा गारव्याकडे. म्हणजे पेटीत एक ठरावीक तापमान असून चालत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उतार हवा. बॉल पायथनसाठी उबेच्या टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६. कॉर्न स्नेक अमेरिकेचा, त्याला दोन्हीकडे दोनतीन अंश कमी चालतात. परदेशी पुस्तकं पेटी तापवायची कशी हे सांगतात. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ते उपयोगी पडतं, पण एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असताना प्रश्न उलटा होतो. तेव्हा हीटर बंद आणि खोली गार कशी राहील ते पाहायचं. पावसाळ्यात दमटपणा ऐंशीच्या वर जातो, तेव्हा आत पाणी शिंपडणं थांबवायचं. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के दमटपणा मानवतो. त्याहून कोरडं झालं तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, सतत ओलं राहिलं तर पोटाचे खवले कुजतात.

उबेला थर्मोस्टॅट लावल्याशिवाय साप आत सोडूच नये. आम्ही पेटी दोन आठवडे रिकामी चालवून पाहिली, तेव्हा याचं कारण कळलं. पाचव्या दिवशी थर्मोस्टॅटचा प्रोब जागचा सरकून पाण्याच्या भांड्याला टेकला. भांडं गार, म्हणून यंत्राला वाटलं ऊब कमी आहे आणि ते ऊब देणारी मॅट तापवत राहिलं. संध्याकाळी तापमापकाची बंदूक लावली तर जमीन ४४ अंश. आत साप असता तर? पोटाखालच्या चटक्याची जाणीव सापाला वेळेवर होत नाही, अंग भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. भाचा पांढराफटक पडला होता. त्याच रात्री प्रोब क्लिपने पक्का झाला आणि दुसरा, स्वतंत्र तापमापक बसला. आजही तो रोज सकाळी दोन्हींचे आकडे वहीत लिहितो.

जमिनीसाठी कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घेतले, कुठल्याही नर्सरीत मिळतात. लाकडाच्या वखारीतला भुसा फुकट मिळत होता, तो नाकारला. त्यात प्लायवूडचा गोंद असतो, आणि देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडाचं तेल सापाच्या फुप्फुसांना बाधतं. वर जांभळाची आणि आंब्याची वाळलेली पानं, फवारणी न झालेल्या झाडांची. मनी प्लांटची एक कुंडी. पालथं होणार नाही असं जड भांडं पाण्याचं. दिव्याला बारा तासांचा टायमर.

आणि लपण. माझ्या मते पेटीत सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट ही आहे, काच सगळ्यात शेवटची. कुंभारवाड्यातून दोन छोटे माठ आणले, बाजूने तोंड कापून घेतलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. एक उबेच्या टोकाला, एक गार टोकाला. दोन का? एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितपणा यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा लपणंच निवडतो. मग गारव्यात बसून राहतो, अन्न पचत नाही, उलटी करतो. माठ ऐसपैसही नको. वेटोळ्याला चारी बाजूंनी भिंत टेकली पाहिजे, वारुळात टेकते तशी.

तो आला तेव्हा पहिले दहा दिवस आम्हाला त्याची फक्त शेपटी दिसली. भाच्याने हात लावला नाही, काच पुसली नाही, खोलीत मोठ्याने बोलला नाही. अकराव्या रात्री मेलेला, कोमट केलेला उंदीर चिमट्याने पुढे धरला. जिवंत उंदीर सोडणं मला अमानुष वाटतं, शिवाय घाबरलेला उंदीर सापालाच कुरतडतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. माठाच्या तोंडातून डोकं आलं, जीभ दोनदा हलली, उंदराची ऊब ओठांना कळली असावी आणि पुढचं डोळ्यांना दिसलंच नाही. वेटोळं पडलेलं होतं. नंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने धुवायचे, हाही. सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांना तो बाधतो. दूध नाही, कधीच नाही. सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ झालेला नागच वाटीला तोंड लावतो.

हे सगळं किती काळ करायचं? इथे बरेच जण चुकतात. नीट ठेवलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाच्या किमान बासष्टाव्या वर्षी, सात अंडी घातली, आणि तीही कित्येक वर्षं नर जवळ आलेला नसताना. दहावीच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून साप आणणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा लिहून फ्रिजवर लावावा. मुलगा शिकायला बाहेर जाईल, लग्न करेल, साप मात्र त्याच पेटीत असेल.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी भाच्याकडेच होते. आठ वाजल्यापासून गल्लीत माळा फुटत होत्या. त्याने खिडक्या लावल्या, फटींना ओले टॉवेल लावले धूर येऊ नये म्हणून, काचेवर आईचं जुनं लुगडं सोडलं आणि दिवा बंद केला. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. दोन वाजता गल्ली शांत झाली. भाच्याने लुगड्याची कड हलकेच बोटभर वर केली. आत अंधार, पाचोळ्याचा ओला वास. उबेच्या टोकाचा माठ रिकामा. गार टोकाचाही. भाच्याचा श्वास अडकला होता. मग भांड्याच्या कडेला काहीतरी चमकलं. साप अंग पूर्ण ताणून पेटीच्या लांबीभर पडला होता, हनुवटी पाण्यात, आणि गळ्याचे खवले एकेका घोटाबरोबर हलत होते.

"मावशी," भाचा कुजबुजला, "पाणी पितोय." त्याने लुगडं पुन्हा खाली सोडलं.